मासळीचा पत्ता देता, तसा तेलाचाही द्या

प्रति,
महासंचालक, भारतीय तटरक्षक दल, नवी दिल्ली
संचालक, इन्कॉइस (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र), हैदराबाद
सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय: समुद्रावरच्या तेलाच्या तवंगांची उपग्रहांनी टिपलेली माहिती किनाऱ्यावरच्या लोकांना नियमित, उघडपणे आणि मराठीत मिळण्याबाबत.

महोदय,

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, त्याला कारण आहे. तेल समुद्रात असतं तेव्हा ते तटरक्षक दलाच्या अखत्यारीत असतं. वाहत कुठे जाईल याचं गणित इन्कॉइसकडे असतं. किनाऱ्याला लागलं की राज्य सरकार, जिल्हा प्रशासन आणि प्रदूषण मंडळ यांचं काम सुरू होतं. आणि पुळणीवर येऊन पडलं की ते कुणाचंच राहत नाही. मग ग्रामपंचायत दोन माणसं लावते, ती खड्डा काढून गोळे वाळूत पुरतात, आणि पुढच्या उधाणाला तेच गोळे पुन्हा वर येतात.

मी दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात भूगोल शिकवतो. वैशाख सरत आला आणि वारा फिरला की आमच्याकडे हे काळे, डांबरासारखे गोळे यायला लागतात. वर जुहू-अलिबागपासून खाली मालवण-वेंगुर्ला, पुढे गोवा, असा सगळा किनारा दरवर्षी कमी-अधिक हेच बघतो. पायाला चिकटले तर खोबरेल नाहीतर रॉकेल लावल्याशिवाय निघत नाहीत. जाळ्याला लागले तर तेवढं जाळं कापून टाकावं लागतं. बातमी एक दिवस येते, कुणीतरी नमुने नेतं, आणि पावसाबरोबर विषय वाहून जातो.

गोळा किनाऱ्यावर येतो तेव्हा तो मुळात शिळा असतो. कच्चं तेल किंवा जहाजाचं इंधन पाण्यावर पसरलं की त्यातला हलका भाग उडून जातो. उरलेल्यात पाणी मिसळून ते घट्ट होतं, लाटा त्याचे तुकडे करतात, तुकड्यांना वाळू-कचरा चिकटतो. यात काही दिवस जातात, कधी आठवडे. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यावरच्या गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासले आहेत. काही नमुने मुंबई हायच्या तेलाशी जुळले, तर काही आग्नेय आशियातल्या कच्च्या तेलाशी, म्हणजे ते जाणाऱ्या-येणाऱ्या टँकरमधलं असण्याची शक्यता दिसली. प्रयोगशाळा तेलाचं कूळ सांगू शकते. पण ते कोणत्या जहाजातून, कोणत्या रात्री, किनाऱ्यापासून किती दूर सोडलं गेलं, हे एकट्या गोळ्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या दिवशी त्या पाण्यावर कुणाची तरी नजर असावी लागते.

ती नजर आहे. आपल्या डोक्यावरून नियमित जाते.

इथे थोडं शिकवतो, सवय सुटत नाही. रडार असलेला उपग्रह स्वतःच तिरक्या कोनातून सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. त्याला सूर्य लागत नाही, ढगांची अडचण नाही. समुद्रावर वाऱ्याने उठलेल्या बोटभर लांबीच्या बारीक लहरी असतात, त्यांच्यावर आपटून रडारच्या लहरी उपग्रहाकडे परततात. तेलाचा पातळ थरसुद्धा या बारीक लहरी दाबून टाकतो. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की लहरी भलतीकडे परावर्तित होतात आणि चित्रात तो भाग काळा दिसतो. रात्री गाडीच्या दिव्यात ओला रस्ता काळा दिसतो, त्यातलाच प्रकार. चालत्या जहाजाने टाकीतलं काही सोडलं असेल, तर काळी, लांबलचक, निमुळती रेघ दिसते. पुष्कळदा त्या रेघेच्या टोकाला एक पांढरा ठिपका असतो, तेच जहाज.

युरोपचा सेंटिनेल-1 असं चित्र एका फेरीत 250 किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याचं काढतो, आणि ते जगात कुणालाही फुकट मिळतं. मी घरच्या संगणकावर ती उतरवतो, मुलांना दाखवतो. आपला ईओएस-04 हा रडार उपग्रह 14 फेब्रुवारी 2022 पासून वर आहे. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा निसार गेला. त्याचं मुख्य काम जमीन आणि बर्फाची हालचाल मोजण्याचं, पण रडार ते रडार. डोळ्यांची कमतरता आहे असं आता कुणी म्हणू नये.

युरोपने हे काम 2007 पासून रुळावर आणलं आहे. तिथली सागरी सुरक्षा संस्था 'क्लीनसीनेट' नावाची सेवा चालवते. उपग्रहाचं चित्र खाली आलं की अर्ध्या तासाच्या आत संशयित तवंगाचा इशारा संबंधित देशाला जातो, सोबत आसपासच्या जहाजांच्या नोंदी. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या 300 टनांवरच्या प्रत्येक जहाजाला आपली ओळख आणि जागा सतत प्रसारित करणारं एआयएस यंत्र सक्तीचं आहे, त्यामुळे रेघ आणि मार्ग एकावर एक ठेवून बघता येतात. हे इशारे तिथेही सरकारी यंत्रणांनाच जातात, सगळ्या जगाला नाही, हे मी लपवत नाही. पण अमेरिकेतल्या 'स्कायट्रुथ' या छोट्या ना-नफा संस्थेने 'सेरुलियन' नावाचा उघडा नकाशा केला आहे. सेंटिनेल-1 ची चित्रं संगणकाकडून चाळून घ्यायची, तवंग शोधायचे, जवळून गेलेली जहाजं त्याला लावून दाखवायची. आमच्या गावात बसून तो बघता येतो. आपल्या समोरच्या समुद्राचं चित्र कळायला परदेशातल्या एका संस्थेचं संकेतस्थळ उघडावं लागतं, हे मला तरी फार बरं वाटत नाही.

इन्कॉइसच्या संचालकांना आता थेट विचारतो. आमच्या तांडेलांना तुमचं नाव आदराने माहीत आहे, ते मासळीच्या अंदाजामुळे. उपग्रहाने मोजलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून तुम्ही संभाव्य मासेमारी क्षेत्र काढता, कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीला, हे मराठीत पाठवता. उपग्रहाची माहिती मच्छीमाराच्या हातात कशी द्यायची हे या देशात तुमच्याइतकं कुणाला येत नाही. मग त्याच संदेशात तेलाची एक ओळ का नसावी?

तेलाबाबत तुमची एक सेवा आहे, तीही चांगली आहे. गळतीची जागा, वेळ आणि अंदाजे प्रमाण दिलं की वारा-प्रवाह धरून तेल कुठे जाईल ते ती सांगते. अडचण एवढीच, की तेल कुठे सांडलं हे आधी कुणीतरी तिला सांगावं लागतं. मोठा अपघात झाला तर जहाजच कळवतं. पण रात्री टाकी धुऊन निघून जाणारा कळवत नाही.

आणि वेळ किती मिळतो बघा. तेल साधारणपणे वाऱ्याच्या वेगाच्या तीन टक्के वेगाने वाऱ्यामागे सरकतं, शिवाय प्रवाह असतो तो वेगळा. सेकंदाला 10 मीटरचा वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर दिवसाला सुमारे 26 किलोमीटर. म्हणजे 40 किलोमीटरवरचा तवंग दीड दिवसात दारात. सकाळी सहाच्या फेरीत तो दिसला आणि दहापर्यंत संदेश आला, तर डोल जाळी काढून घेता येतात. खाडीतल्या कोळंबीच्या तलावांची दारं बंद ठेवता येतात. कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडायचं ते एक दिवस थांबवता येतं, आमच्याकडे वेळास-आंजर्ल्याला हा हंगाम मेपर्यंत चालतो. खाडीच्या तोंडाशी तरंगते अडसर लावायचे तर तेही आधी लावायचे असतात. तेल एकदा तिवरांच्या मुळांत शिरलं की ते काढायची रीत कुणालाच नीट ठाऊक नाही.

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' ही जहाजं आदळली, तेव्हा सुमारे 800 टन तेल समुद्रात गेलं. उरण, घारापुरी, अलिबागकडची तिवरं काळी झाली. पाण्यात कंटेनर पडले होते, काहींत कीटकनाशकं होती. पुढे काय झालं ते मुंबईच्या कोळीवाड्यांत कुणालाही विचारा. लोकांनी मासे घेणंच सोडलं. कुठलं पाणी खराब आहे आणि कुठलं चांगलं हे सांगणारा एकही कागद बाजारात नव्हता, तेव्हा सगळाच समुद्र खराब ठरला. लांबून आणलेली मासळीही पडून राहिली.

हे मुद्दाम सांगतोय. 'असे इशारे उघड केले तर घबराट होईल, मच्छीमारांचंच नुकसान होईल' असं तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात येईल, आणि ती शंका खोटी नाही. पण 2010 ला घबराट झाली ती माहिती दिली म्हणून नव्हे. तवंग कुठे आहे हे दाखवणारा नकाशा, तो कुठे नाही हेही दाखवतो. हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला 'आमची बोट या पट्ट्यात नव्हतीच' असं मोबाइलवर दाखवता आलं, तर अफवेपुढे हातात काहीतरी असेल.

पुढच्याच वर्षी, 4 ऑगस्ट 2011 ला, 60 हजार टनांवर कोळसा घेऊन निघालेलं 'एमव्ही राक' मुंबईपासून 20 सागरी मैलांवर बुडालं. त्याच्या टाक्यांतलं तेल झिरपत राहिलं, जुहूपर्यंत आलं. राष्ट्रीय हरित लवादाने 100 कोटींची भरपाई ठरवली ती ऑगस्ट 2016 मध्ये. पाच वर्षं. भरपाईच्या अशा भांडणात दरेक दिवशी तवंग केवढा होता, कुठे होता, ही तारीखवार चित्रं म्हणजे सगळ्यात बोलका पुरावा. केरळच्या समोर 25 मे 2025 ला 'एमएससी एल्सा-3' 640 कंटेनरांसह बुडालं आणि राज्याने 9,531 कोटींचा दावा लावला. उद्या अशी पाळी रत्नागिरीवर आली, तर आमच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात कोणती चित्रं असतील?

उघडेपणाचा आग्रह का, त्याचीही उदाहरणं आहेत. जानेवारी 2017 मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं आदळली, तेव्हा आधी गळती झालीच नाही असं सांगितलं गेलं. दोन-तीन दिवसांत किनाऱ्यावर माणसं बादल्यांनी तेल उपसत होती. 2010 ला मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीवरचं 'डीपवॉटर होरायझन' फुटलं, तेव्हा गळतीचा अधिकृत आकडा आधी दिवसाला 1,000 बॅरल होता, मग 5,000. वर उल्लेख केलेल्या स्कायट्रुथने आणि इयान मॅकडोनाल्ड या समुद्रशास्त्रज्ञाने उपग्रहाच्या चित्रांवरून हा आकडा कितीतरी कमी आहे हे दाखवून दिलं. शेवटी सरकारच्याच तज्ज्ञांनी सुरुवातीचा वेग दिवसाला 62,000 बॅरल धरला. चित्रं कुलपात असती तर बाहेरच्या कुणाला हे मोजता आलं नसतं. गोपनीयतेचं म्हणाल, तर सेंटिनेलची चित्रं शत्रूलाही मिळतात आणि मलाही. नौदलाच्या बोटी नकाशावरून पुसा, आमची काहीच हरकत नाही. तेल तेवढं ठेवा.

आता या साधनाच्या मर्यादा. त्या आम्हाला माहीत नसतील असं समजू नका. रडारच्या चित्रातला प्रत्येक काळा डाग तेल नसतो. वाराच पडला, सेकंदाला दोन-तीन मीटरच्या खाली आला, की बारीक लहरीच नसतात आणि समुद्र आपोआप काळा दिसतो. सेंटिनेल आपल्यावरून साधारण पहाटे-सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जातो, आणि हिवाळ्यात सकाळचा मतलई वारा क्षीण असला की किनाऱ्याजवळचं चित्र फसवं येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अरबी समुद्रात नॉक्टिलुका हा सूक्ष्म जीव फुलतो, रात्री लाटा निळ्या चमकतात म्हणून लोक व्हिडिओ काढतात तोच. त्याचाही डाग दिसतो. पावसाची सर, वर येणारं थंड पाणी, मासळीचं नैसर्गिक तेल, सगळ्यांचे डाग. तेल आहे असं धरलं तरी थर केसाहून पातळ की बोटभर जाड, हे एका चित्रावरून सांगणं कठीण. उपग्रह एकाच जागेवर रोज येतही नाही. सेंटिनेलचा एक उपग्रह त्याच मार्गावर बारा दिवसांनी परततो, म्हणून ईओएस-04 आणि इतरांची चित्रं जोडून घ्यावी लागतील.

सगळ्यात मोठी अडचण पावसाळ्याची. वारा सेकंदाला 10-12 मीटरच्या वर गेला की लाटा फुटतात, तेल पाण्यात घुसळलं जातं आणि रडारला दिसेनासं होतं. मुंबईजवळचे ते दोन्ही मोठे अपघात ऑगस्टमधले. त्या दिवसांत तटरक्षक दलाच्या डॉर्नियर विमानांना पर्याय नाही, आणि तसल्या हवेत उडणाऱ्या वैमानिकांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण टँकर धुण्याचं तेल जे जूनमध्ये आमच्या पुळणीवर येतं, ते समुद्रात पडण्याचा काळ एप्रिल-मेपासूनचाही असू शकतो. त्या महिन्यांत वारा बेताचा, रडारला हवा तसा. गोळे आल्यावर धावपळ करण्यापेक्षा त्याआधीचे तीन महिने चित्रं नेमाने वाचली, तर हाताला काही लागेल. पावसाळ्याचं कारण सांगून वर्षभराचं काम बाजूला ठेवू नका, एवढंच म्हणणं.

एकटं चित्र हा कुणाला दोषी ठरवण्याचा पुरावा नाही, संशय आहे, हेही मान्य. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांत काही सोडणं कायदेशीरच आहे. किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांपलीकडे चालत्या टँकरने मैलाला 30 लिटरपर्यंत तेल सोडलं तर तो नियमात बसतो. (हा नियम वाचला तेव्हा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, 'सर, मोजतं कोण?') म्हणूनच संशयित रेघ दिसली की विमान पाठवणं, पुढच्या बंदरात त्या जहाजाची तेलनोंदवही आणि टाक्या तपासणं, किनाऱ्यावरचे गोळे तारीख-जागेसह जपून ठेवून त्यांचे ठसे जुळवणं, ही साखळी जोडावी लागेल. यातल्या पहिल्या कड्या तुमच्या तिघांच्या हातात आहेत.

तेव्हा मागणी अशी. इन्कॉइसने पश्चिम किनाऱ्यासाठी उपग्रहाच्या प्रत्येक उपयुक्त फेरीनंतर काही तासांत तवंगाचा नकाशा उघड करावा, खात्री किती आहे ते 'संशयित', 'बहुधा', 'पडताळलेला' अशा शब्दांत लिहून. मासळीच्या अंदाजाच्या संदेशातच, त्याच मराठीत, त्याच बंदरांच्या नावांनी तो यावा: हर्णैच्या नैर्ऋत्येला इतके किलोमीटर, उद्या दुपारपर्यंत किनाऱ्याकडे येण्याची शक्यता. एक गोष्ट विसरू नका, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि तेव्हा मासळीचा अंदाजही थांबतो. तेलाचा संदेश थांबता कामा नये, गोळे नेमके तेव्हाच येतात. जुने नकाशे पुसू नका, निदान दहा वर्षांचे कुणालाही बघता येतील असे ठेवा. तटरक्षक दलाने प्रत्येक संशयित तवंगाचं पुढे काय झालं ते त्याच नकाशावर एका ओळीत लिहावं. विमान गेलं, तेल नव्हतं, शेवाळ होतं, असं लिहिलं तरी चालेल. दहातले सहा इशारे फोल निघाले म्हणून कुणी हसणार नाही. तांडेल हवेचे अंदाज आयुष्यभर ऐकत आलाय, चुकलेल्या अंदाजाबरोबर कसं राहायचं त्याला कळतं.

आणि प्रदूषण मंडळाने किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला एक पानाची सूचना द्यावी: गोळे आले तर कुणाला फोन करायचा, नमुना कशात ठेवायचा (काचेच्या बरणीत, प्लॅस्टिकमध्ये नको), फोटोसोबत काय लिहायचं, आणि वाळूत का पुरायचे नाहीत. संकटातल्या होडीसाठी तटरक्षक दलाचा 1554 आमच्याकडे मुलांनाही पाठ आहे. तेलासाठीही असाच एक क्रमांक असू द्या. उपग्रहाला जे नक्की सांगता येत नाही ते समुद्रावरच्या माणसाला नाकाने कळतं. त्याने कळवलेलं तुमच्या नकाशावर चढलं, तर खोट्या डागांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. आमच्या शाळेची मुलं नमुने आणि नोंदी ठेवायला तयार आहेत. बरण्या आमच्या आम्ही आणू.

उत्तर दिलंत तर मराठीत द्या, म्हणजे बंदरावरच्या फळ्यावर लावता येईल. आणि नारळी पौर्णिमेच्या आत दिलंत तर फार बरं, त्यानंतर वाचायला किनाऱ्यावर कुणी सापडत नाही.

आपला,
एक भूगोल शिक्षक
दापोली तालुका, जि. रत्नागिरी